सात भाकरी

"चिठ्ठी," पहारेकरी म्हणाला.

ट्रायफेनानं टोपली खाली ठेवली आणि कमरेला खोचलेली चिठ्ठी काढून त्याच्यापुढं धरली. पहारेकरी बिथसला वाचता येत नव्हतं. तिलाही येत नव्हतं. पण चिठ्ठी तोंडानं म्हणून दाखवल्याशिवाय कुणालाही गजांपाशी सोडायचं नाही, असा वरून हुकूम होता. चौकातल्या कारकुनानं ती एकदा वाचून दाखवली होती, तेवढ्यावर तिला पाठ झाली. चार दिवसांत बिथसलाही झाली.

"मी, झोइलसची मुलगी ट्रायफेना, देवांना आजवर नेहमीच भजत आले. तुमच्यासमोर वेदीवर धूप टाकला, मद्य ओतलं..."

"आणि?"

"आणि बळीचं मांस चाखलं."

"जोरात म्हण. आत ऐकू गेलं पाहिजे."

ती पुन्हा पहिल्यापासून जोरात म्हणाली.

आत सात जण होते. सगळे तिच्याच ख्रिस्ती मंडळीतले, प्रभूच्या नावानं एकत्र जमणारे. प्रत्येकानं देवांच्या वेदीवर धूप टाकलाच पाहिजे, असं बादशहाचं फर्मान थेस्सलनीका शहरात आलं तेव्हा सगळ्यांना एकाच दिवशी चौकात उभं केलं होतं. रांगेत ट्रायफेनाच्या पुढं तिघं होती. तिघांनी धूप टाकला. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही; तिनंही टाकला आणि तशी चिठ्ठी घेऊन बाजूला झाली. तिच्या मागं तिचा थोरला भाऊ लायकस होता. त्यानं नाही टाकला.

तुरुंगात पाणी मिळायचं. खाणं ज्याच्या त्याच्या घरच्यांनी आणायचं.

"झालं का आजचं?" लायकस आतून म्हणाला. "रोज यायचं, रोज नव्यानं प्रभूला नाकारायचं. आणि कशासाठी, तर एका भाकरीसाठी!"

"सात," मागून आवाज आला. "सात भाकरी आहेत, लायकस. तुझं गणित लहानपणापासून कच्चं."

अफिया आत्या गुडघे धरत धरत गजांपाशी आली. सत्तरीची बाई. आई गेल्यावर या दोघा भावंडांना तिनंच वाढवलं होतं. तिनं सातूची भाकर घेतली, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"आत्या, बाकीचे खात नाहीत का अजून?"

"बाकीच्यांच्या भाकरी उंदीर खातात. इथले उंदीर बघ कसे माजलेत, मांजराला भीत नाहीत."

"त्या हातचं आम्हाला चालत नाही," लायकस म्हणाला.

"मग ज्यांचे हात निर्मळ आहेत त्यांना बोलाव की! कुठायत ते? निम्मे डोंगरात पळाले, निम्मे इथं तुझ्याशेजारी बसलेत. चिठ्ठी नसलेला या दाराशी आला तर त्यालाही आत टाकतील." ती सावकाश चावत होती; दात थोडेच उरले होते. "मला तर भूक लागते बाबा. प्रभूपुढं उभं राहायचं तर पायांत बळ नको?"

कुणीतरी आत हसलं. लायकस भिंतीकडं तोंड करून बसला.

"उद्या ये गं," आत्या म्हणाली. "ह्याचं मनावर घेऊ नकोस. आणि मनावर घेतलंस तरी ये."

दुसऱ्या दिवशी ट्रायफेना आली तेव्हा ऊन चढलं होतं. तिनं चिठ्ठी काढली आणि बिथसनं काही म्हणायच्या आत सगळी म्हणून टाकली. मांस चाखलं, तेसुद्धा. बिथस उगाच भाल्याचं टोक निरखत होता.

"आत्या!" तिनं गजांपाशी हाक मारली.

कुणी आलं नाही.

"पहाटे गेली ती," बिथस म्हणाला. "दोन दिवस ताप होता म्हणे अंगात. मागच्या अंगणात ठेवलीय. दुपारी गाडी येते, मग नदीकाठच्या खड्ड्यात. गाडी यायच्या आधी न्यायची तर ने. चिठ्ठी आहे तुझ्याकडं, देतील तुला."

"मग आधी का नाही सांगितलंस? मला ते सगळं म्हणायला लावलंस..."

"मी कुठं लावलं? तू थांबलीच नाहीस."

ट्रायफेना पायरीवर बसली. आत्याला ताप होता आणि काल आपल्याला तिचा हात धरून बघायचं सुचलं नाही, एवढंच तिच्या मनात येत होतं. मग ती उठली. आता इथं भाकरी ठेवून उपयोग नव्हता. तिनं टोपली उचलली.

गजांतून एक हात बाहेर आला. मनगटावर साखळीचा काळानिळा वळ, आणि तळवा वर.

"दादा?"

"दे," लायकस म्हणाला. त्याचे गाल आत गेले होते. तो तिच्याकडं बघत नव्हता. "बाकीच्याही दे. मी वाटतो."

तिनं एकेक करून सगळ्या भाकरी आत दिल्या. एक ठेवून बाकीच्या त्यानं मागं दिल्या आणि तो तिथंच, गजांना खांदा टेकून खाली बसला. पहिला घास त्याला गिळवेना. तिनं घरून आणलेला पाण्याचा तांब्या गजांतून तिरका करून धरला. तो प्यायला, खोकला, आणि दुसरा तुकडा मोडला.

रस्त्याच्या टोकाला चाकांचा खडखडाट सुरू झाला.

"बाई, गाडी आली बघ," बिथस म्हणाला. "म्हातारीला न्यायचं असेल तर आत्ताच निघ."

"थांब जरा," ट्रायफेना म्हणाली. "दादा जेवतोय."