गरम बाजूची नळी

घटस्फोटात दोन जुन्या गाड्या दोघांनी एकेक वाटून घेतल्या, तेव्हाच अर्कादीने मनाशी ठरवलं: हिवाळा लागला की इंजिनला गरम हवा मिळावी म्हणून त्याची हवेची नळी गरम बाजूला वळवावी लागते, हे लारिसाला सांगायचं नाही. गाडी बंद पडली की येईल नाक घासत.

कुर्गान शहरात पहिला बर्फ पडला. त्याने सकाळीच स्वतःची नळी वळवली, तरी बाजाराच्या फाटकाशी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. पेट्रोलला शिव्या घालत तो उतरला, तर शेजारी लारिसाची गाडी झोकात येऊन थांबली.

"नळी कोणी वळवून दिली? नवा कोणी ठेवलायस वाटतं," तो म्हणाला.

तिने काच खाली केली. "तू नुसती वळवायचास. नळी धरून ठेवणारी क्लिप एकदाही आवळली नाहीस. तू चहाला आत गेलास की मी आवळायचे. दोन्ही गाड्यांची."