पुढच्या रांगेतल्या फुमी-सान

"संकटाच्या घडीला आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," असं म्हणून सदानंद थांबला, आणि पुढच्या रांगेतल्या म्हातारीने डोळ्यांना रुमाल लावला. दुभाषी म्हणून आलेल्या मेधाने अजून त्या वाक्याचं जपानी केलंही नव्हतं.

सदानंदला भरून आलं. तोक्योत, तोयोसुच्या ऑफिसात इतकी वर्षं इंग्रजीतून प्रेझेंटेशनं दिली, पण असं ऐकणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं. त्याने भाषण आणखी लांबवलं.

त्सुनामीला तीनेक महिने झाले होते. जपानच्या उत्तरेला, इवातेच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात शाळेचा हॉल हेच आता लोकांचं घर होतं. पुठ्ठ्याच्या भिंती, घड्या घातलेली ब्लँकेटं, दाराशी ओळीने लावलेल्या चपला. तोक्योतल्या मराठी मंडळाने बस करून तिथे दिलाशाचा कार्यक्रम आणला होता. आधी भाषण, मग गौळण, मग भोंडल्याची गाणी, शेवटी गुलाबजाम. लावणी ठेवावी की नाही यावर मंडळात बरीच खडाजंगी झाली होती. दुःखी माणसांसमोर ते बरं दिसणार नाही, असं शेवटी ठरलं.

कल्पना सदानंदची. मार्चमध्ये जमीन हलली, अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्या, तसा तो बायकोमुलांना घेऊन पुण्याला निघून गेला होता. ऑफिसात कुणाला सांगितलंही नव्हतं. एप्रिलात परतला तो आंबाबर्फीचे डबे घेऊन. मधल्या काळात त्याचं काम टीममधल्या जपानी लोकांनी ओढलं होतं. त्यांनी बर्फी घेतली, वाकून आभार मानले आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. त्या न विचारण्याने सदानंदची झोप उडाली होती.

कार्यक्रम मात्र रंगला. म्हातारी कुणीतरी दान दिलेल्या ट्रॅकसूटमध्ये, गुडघे मुडपून, ताठ बसली होती. विनोद झाला की ती तोंडावर हात धरून हसायची आणि तिच्यामागे सगळा हॉल हसायचा. गौळणीत सदानंदच्या बायकोचा, सुचित्राचा, ताल चुकला, तेव्हा म्हातारीने अशी काही मान डोलावली की खरी गंमत त्या चुकण्यातच असावी.

चहाच्या वेळी मेधा माहिती काढून आली. म्हातारीचं नाव फुमी-सान. या गावातली शेवटची गेइशा.

सदानंदने कप खाली ठेवला. ग्रुप फोटोत आपल्या बायकांच्या शेजारी त्यांना उभं करायचं का, असं त्याने हलक्या आवाजात विचारलं. फोटो मंडळाच्या फेसबुकवर जाणार होता.

मेधा इथे पीएचडी करत होती आणि हे समजावणं तिला नवीन नव्हतं. गेइशा म्हणजे कलावंत, ती म्हणाली. फुमी-सान लहान वयात नाच शिकल्या, गाणं शिकल्या, शामिसेनच्या तीन तारा वाजवायला शिकल्या. बोटींचे मालक, कप्तान, बाहेरगावचे व्यापारी, सगळ्यांच्या बैठकी त्यांनी जन्मभर सांभाळल्या. शामिसेन आणि किमोनो लाटेत गेले. पण त्या विद्येतला सगळ्यात अवघड भाग वेगळाच असतो. पाहुणा कितीही कंटाळवाणा असला, तरी आपल्याइतकं रंगतदार कुणी बोलत नाही, असं त्याला वाटलं पाहिजे.

फोटोचा विषय तिथेच राहिला.

तेवढ्यात हॉलची व्यवस्था बघणारे ओइकावा-सान खुर्च्या गोळा करत आले. टाळ्या कमी पडल्या असतील तर माफ करा, म्हणाले. या आठवड्यात पाहुणे फार झाले, लोक दमलेत. मग आणखीही बरंच काही सांगत राहिले. मेधाने यातलं निम्मंच मराठीत आणलं. सदानंदने सगळं सांगायला लावलं, तेव्हा नाइलाजाने तिने सांगितलं.

सुरुवातीला कार्यक्रम करायला लोक यायचे, तेव्हा हॉलमधली माणसं माना खाली घालून बसायची. एकदा गाणाऱ्यांचा एक ग्रुप आला आणि रडत परत गेला. तेव्हापासून फुमी-सान रोज सकाळी सगळ्यांची तालीम घेत होत्या. हसायचं कुठे, कौतुकाने बघायचं कसं, भाषा कळत नसेल तर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून रडायची वेळ कशी ओळखायची. पाहुणे लांबून येतात, त्यांना द्यायला आपल्याकडे आता एवढंच उरलंय, असं त्या सांगायच्या.

सदानंद उठला. फुमी-सान भिंतीशी बसून गुलाबजामच्या वाट्या एकात एक घालत होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे मुडपणं काही त्याला जमलं नाही. भाषण इतकं कंटाळवाणं झालं का, एवढंच विचार, असं त्याने मेधाला सांगितलं.

फुमी-सान या वेळी तोंडावर हात धरून हसल्या नाहीत. हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली.

"लांबलं थोडं," त्या म्हणाल्या. "पण बसमधून उतरलात तेव्हा तुमचा चेहरा आमच्यापेक्षाही उतरलेला होता. आता जरा बरं वाटतंय ना?"