घोट्यावरची खाच

वाळवंटात सापडलेली हाडं यंत्राने तिसऱ्यांदा तपासली आणि पुन्हा तेच ऐकवलं, "नोंद नाही. म्हणजे माणूस नाही. भट्टीत टाका."

डॉक्टर प्रमिला खरात भडकल्या. "अरे, घोट्यावरची खाच बघ! जन्मभर उकिडवं बसून पडलीय. चुलीपुढे जनावर बसतं होय?"

"नोंदणी नंबराशिवाय माती देता येत नाही, मॅडम," हवालदार शेळके पुटपुटले.

प्रमिलाबाईंनी यंत्रावर सरळ स्वतःचा नंबर दाबला.

"ओळख पटली. प्रमिला खरात, मृत."

हाडांना माती देऊन त्या परतल्या, तर शहराचं फाटक उघडेना. फाटकावरचं यंत्र म्हणालं, "प्रमिला खरात मृत आहेत. तुमची नोंद नाही. तुम्ही माणूस नाही."

"नाही ना?" त्यांनी हातातलं फावडं उगारलं. "मग माणसांचे कायदे मला सांगू नकोस!"