वाळवीची वाट

"ही वाट अर्ध्यातच का सोडली गं त्यांनी?" उकरलेल्या चरात वाकून धुरपदाबाईंनी विचारलं.

"तिकडं लाकूड न्हाय मिळालं, आजी," निकिता म्हणाली. "वाळवीला दिसत न्हाय. आधी ती चहूकडं बारीक भुयारं काढते, लांब लांब, म्हंजे तीच माती दोनदा धुंडाळायला नको. एकीला लाकूड लागलं की सगळ्या तिकडंच लोटतात. मग तेवढीच वाट रुंद होते."

"माणसापरास शहाण्या की!"

निकिता धाराशिवच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, पण तिची खरी परीक्षा आज तेरच्या या शेतात होती. बांधावरून आजीचे धाकटे दीर बलभीम डोळ्यांत तेल घालून बघत होते.

भांडण चिंचेचं होतं. धुरपदाबाईंनी नव्या नवरीपणी लावलेली, घागरीनं पाणी घालून जगवलेली चिंच. पंधरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तोंडी वाटणी केली आणि हद्दीवर बाभळीचा खुंट ठोकला. पुढं नांगरटीत त्याचं डोकं मोडलं, उरलेला मातीआड गेला. चिंच आपल्याच हद्दीत येते असं बलभीमांचं म्हणणं. उद्या ती तोडायला माणसं येणार होती.

दोन्ही घरांनी जागोजाग उकरून पाहिलं होतं. शेवटी वाळवीच्या मागं जायचं निकिताला सुचलं.

"वाळवीला भावकी नसती," बलभीम म्हणाले होते. "ती दावील ती हद्द मला मान्य."

निकिता खुरप्यानं हलकेच माती काढत रुंद भुयारामागं सरकत राहिली. भुयार चिंचेला वळसा घालून पलीकडं गेलं. बलभीमांच्या बाजूला चार पावलांवर खुरपं खट्कन वाजलं.

खुंट होता. बाभळीचा, डोकं मोडलेला, एका अंगानं खाल्लेला.

बलभीमांनी तो उपरण्यानं पुसला आणि कपाळाला लावला. "आबांच्या हातचा हाय," ते म्हणाले. "वहिनी, चुकलं माझं." त्यांनी तिथंच फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. मग मान खाली घालून ते घराकडं निघून गेले.

निकिताला आनंदानं काय करू न् काय नको झालं. आजी मात्र अजून भुयारातच बघत बसली होती.

"निकिता," बलभीम दिसेनासे झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "गोठ्यातला ह्यो खुंट म्या दिवाळीला तर हितं पुरला. इतक्या लवकर कसा घावला गं वाळवीला?"