नळीत बार आहे

“नळीत बार हाय,” सफिया म्हणाली.

दुकानदाराने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो तिच्या नवऱ्याला, मुनव्वरला, ठासणीची बंदूक दाखवत होता. दुकानदाराचं नाव बू नासर. तरुणपणी खजुराच्या गलबतांवरून मुंबई-रत्नागिरीच्या खेपा केलेला, त्यामुळे हिंदी सफाईने बोलायचा. कुवेतच्या जुन्या बाजारातल्या त्याच्या दुकानात भिंतीवर दहा-बारा बंदुका टांगल्या होत्या. हातातली त्यांत सगळ्यांत देखणी. नळीवर चांदीचे पट्टे, दस्त्यावर शिंपल्याची नक्षी.

मुनव्वर फहाहीलला तेल कंपनीच्या गॅरेजात मेकॅनिक होता. थंडी पडली की त्याचे दोस्त शुक्रवारी वाळवंटात सशांच्या शिकारीला जायचे. यंदा त्याला स्वतःची बंदूक हवी होती. बायको हट्टाने मागे आली होती. नुसती बगीन, म्हणाली होती.

“आतून साफ आहे, बघा.” बू नासरने लोखंडी गज नळीत सोडला आणि झटकन बाहेर काढला. मग तांब्याची छोटी केप बसवली, घोडा मागे ओढला आणि बंदूक मुनव्वरच्या हातात दिली. “दाबा चाप. नुसती केप वाजेल. घोड्याचा जोर कळेल.”

मुनव्वरने बंदूक खांद्याला लावली. नळी दाराबाहेर वळली. समोर कॉफीवाल्याच्या बाकावर चार माणसं पेले घेऊन बसली होती.

“अवो, दाबू नका. बार हाय आत.”

“गप ऱ्हा जरा,” मुनव्वर पुटपुटला. “लोकं बगतायत.”

सफिया पुढे झाली. ओढलेला घोडा आणि केप यांच्यामध्ये तिने स्वतःचा अंगठा घातला.

“आता दाबा.”

मुनव्वर थिजला. बू नासर मात्र भडकला. “बाई, हात काढ! हा काय खेळ आहे?” त्याने दस्ता हिसकला. मुनव्वरचं बोट चापावरच होतं. घोडा पडला.

तो सफियाच्या अंगठ्यावर बसला. नखाखालून रक्त आलं आणि मनगटावरून काळ्या अबायाच्या बाहीत गेलं. अंगठा तिने काढला नाही. दुसऱ्या हाताने घोडा पुरता मागे ओढला, केप नखाने उडवून टाकली, तेव्हाच अंगठा बाहेर घेतला.

“ह्येला सांगा, गज परत घाल. नळी रिकामी असली तर गज तळाला टणकन वाजतो. मगाशी थपकन वाजला.”

मुनव्वरने ते हिंदीत सांगितलं.

बू नासरने गज घातला, नळीच्या तोंडाशी चिमटीत धरला, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. चिमटीखालचा गज नळीच्या तळापर्यंत चार बोटं कमी पडत होता; तेवढं आत काहीतरी होतं. त्याने मान वर करून समोरच्या बाकाकडे बघितलं. तिथल्या एकाने ओळखीचं हसून त्याला हात केला.

मग तो मुकाट्याने कामाला लागला. गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवून त्याने नळीतलं सगळं ओढून काढलं. आधी चिंधी आली, मग छर्रे, मग काळी दारू.

“वाळवंटातल्या ज्या बदूने ही विकली, तो काही बोलला नाही,” तो स्वतःशीच म्हणाला.

मुनव्वरने आपला रुमाल पुढे केला. सफियाने तो अंगठ्याला गुंडाळला आणि कुणाला न विचारता भिंतीकडे गेली. एकेक बंदूक तिने काढली, जोखली, परत टांगली. शेवटी कोपऱ्यातली एक तिच्या हातात राहिली. चांदी नाही, नक्षी नाही. दस्ता कधीतरी चिरलेला, पितळी तारेने बांधलेला. तिने गज सोडून आवाज ऐकला. घोडा ओढून हलक्या हाताने खाली घेतला. नळीत फुंकर मारली आणि केपेच्या जागी बोट धरून आपलाच श्वास तिथे येतो का ते बघितलं.

“ही.”

बू नासर मुनव्वरकडे वळला. “तुमच्या खांद्याला ही जमेल?”

“त्येंच्या नाय,” सफिया म्हणाली. “माझ्या.”

मुनव्वर तिच्याकडे बघतच राहिला. “तुला उडवता येते?”

“भरता येते. माहेरी बावाची बंदूक बारा वर्सं मीच भरली. उडवायचे माझे भाऊ.” तिने बंदूक खांद्याला लावली. “आवंदा मी उडवीन. शुक्रवारी मी येतंय, तुमच्या दोस्तांना आजच सांगून टाका.”

“ते हसतील.”

“हसू देत.”

बू नासरला मराठी येत नव्हती, पण काय चाललंय ते त्याला कळलं. त्याने सफियाच्या हातातून बंदूक काढून घेतली.

“बाईच्या हातात मी आजवर बंदूक दिली नाही,” तो म्हणाला. बंदूक त्याने मुनव्वरसमोर धरली. “तुम्ही घ्या. घरी नेऊन कुणाला द्यायची ती द्या.”

मुनव्वरने बंदुकीकडे बघितलं. मग रुमालाकडे. तो लाल होत चालला होता.

त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बू नासर तसाच उभा राहिला. बंदूक जड होती. नळीचं तोंड हळूहळू खाली झुकायला लागलं. सफियाने घाई केली नाही. तिने रुमाल बांधलेला हात पुढे केला, आणि म्हातारा बंदूक घेऊन तिच्याकडे वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.