तांब्याभर पाणी

लंकाबाईंनी तांब्या उचलला, तेव्हा सातपूरच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा अंग खाजवायची थांबली. दारात गर्दी करून उभ्या असलेल्या बायका पुढे शपथेवर तसंच सांगत होत्या.

खोली रिकामी होती आणि खाली नवी कोरी फरशी होती, सासू-सुनेने स्वतःच्या हातांनी बसवलेली. दोघींनी त्याआधी जन्मात पोळीपलीकडे काही सपाट केलं नव्हतं.

अकबर मिस्त्री भिंतीशी कमरेवर हात ठेवून उभे होते. अट त्यांचीच. खोलीच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतायचं. जागेवर थांबलं तर फरशी पास. दाराकडे पळालं तर सगळी उखडायची, आणि नव्याने बसवायला मिस्त्रींना हात जोडून बोलवायचं.

"मावशी, अजून वेळ गेली नाही," ते म्हणाले. "निफाडचं माहेर तुमचं. सारवलेल्या घरातला हात. तो दाराकडे ढाळ दिल्याशिवाय राहतो काय?"

हे मात्र खरं होतं. माहेरी ओसरी काय, पडवी काय, सगळं बाहेर उतरतं. पाणी टाकलं की त्याने आपल्या पायांनी चालतं व्हायचं. पहिल्या दोन ओळी लंकाबाईंनी तशाच उतरत्या बसवल्या होत्या, मोठ्या प्रेमाने. मग सून हर्षालीने पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक सासूच्या हातात, एक आपल्या. दोन्ही टोकांतलं पाणी फरशीपासून सारख्या उंचीवर दिसलं, की लेव्हल.

"आई, तुमची बाजू उतरलीय."

"माझी कशाला उतरंल? तुझीच चढली असंल!"

ते भांडण इतकं चाललं की नळीतलं पाणी आटून दोनदा नवं भरावं लागलं. शेवटी ओल्या सिमेंटवरच्या दोन्ही ओळी लंकाबाईंनी मुकाट्याने उचलल्या. सुनेचं त्यांनी ऐकलं ते पहिल्यांदाच.

आता त्या मधोमध उकिडव्या बसल्या. "वतू का?"

"ओता," हर्षाली म्हणाली. आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"भिऊ नको गं. आपण दोघींनी बसवली हाय."

पाणी पडलं, पसरलं, आणि त्याची एक जीभ नेमकी दाराकडे निघाली.

बायका मागे सरल्या. मिस्त्रींच्या मिशीत हसू उगवलं. मेलं निफाड काय पाठ सोडत नाय, लंकाबाई पुटपुटल्या.

जीभ एक टाइल ओलांडून गेली. सांध्यापाशी थबकली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुठे जायचं ते कुणीच सांगेना, तेव्हा ते बिचारं पाणी होतं तिथेच मांडी घालून बसलं, परातीएवढं गोल.

अकबर मिस्त्री खाली वाकले. एक डोळा मिटून त्यांनी सांध्यांची रेघ भिंतीपासून भिंतीपर्यंत न्याहाळली. रेघ अशी सरळ, की तिच्यावरून निघालेल्या मुंगीला वळायची लाज वाटावी. मग बोटाच्या पेराने एकेक टाइल ठोकून पाहिली. एकही पोकळ बोलेना.

"लंकामावशी," ते उठत म्हणाले, "ये किसने सिखाया?"

लंकाबाईंनी पदर सावरला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "सुनेनं. लय डोकं हाय तिला. आमच्यात कुणालाच नाय तेवढं."

हर्षाली घाईघाईने आत गेली आणि फडकं घेऊन आली.

"पुसू नको!" लंकाबाई कडाडल्या. "गल्ली बघून जाऊ दे आधी."

मग संध्याकाळपर्यंत बायका साड्या वर धरून त्या पाण्याच्या कडेकडेने फिरत राहिल्या. दारात अकबर मिस्त्री उभे होते. येईल त्याला अडवून सांगत होते, "चपला बाहेर काढा. आणि पाण्याला पाय लावू नका."