काळ्यावर सोनेरी रेघ

धर्माजीने श्वास रोखला आणि फटफटीच्या टाकीवर शेवटची सोनेरी रेघ ओढली. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, सोनेरी भुकटी पेणच्या गणपतीवाल्याकडची आणि हात धर्माजीचा, तेव्हा रेघेची हलायची हिंमतच नव्हती. शेजारचा हिरामण होड्या रंगवायचा. पडवीच्या पायरीवर बसून तो मघापासून चूक शोधत होता. ती काही सापडेना, म्हणून त्याचा चेहरा उतरला.

"रेघ झ्याक हाय," तो शेवटी म्हणाला. "पण सासरा पोर धाडील का?"

"न धाडून जातो कुठं," धर्माजी म्हणाला.

गाडी लढाईतली. लष्कराने मोडीत काढलेली आणि अंगभर खाकी. दारूबंदी नुकतीच लागली होती, आणि बोरवाडीत खाकी फटफटी आली म्हणजे धाड आली. धर्माजी तिच्यावर बसून पहिल्यांदा तिथे, सासुरवाडीला, गेला, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, अंबाजीने, घाबरून तीन मडकी दारू गवताच्या गंजीत ओतली. ते गवत खाऊन म्हैस दोन दिवस खाडीकडे तोंड करून हसत होती म्हणतात. हसली की नाही ते सोडा, पण तिचं दूध शेजारी मागून नेत होते एवढं खरं. दुसऱ्या खेपेला पाच मडकी गेली. तिसऱ्या खेपेला अंबाजीने माहेरी आलेल्या मनुबाईला ठेवूनच घेतलं. "गाडीचा रंग बदला, मग बायको न्या," असा जावयाला निरोप आला.

कोणता रंग द्यायचा, याचा धर्माजीला विचार करावा लागला नाही. लढाईच्या आधी, तो लहान असताना, नागावच्या रस्त्याने अलिबागच्या दाढीवाल्या डॉक्टरांची फटफटी जायची. काळी कुळकुळीत, टाकीवर दुहेरी सोनेरी रेघ, दिव्याला पितळी कडं. पोरं वेशीपर्यंत मागे धावायची. डॉक्टर गेले, गाडीही गेली, पण तिची एकेक रेघ धर्माजीच्या डोळ्यांत होती. त्याने खाकी रंग खरवडला, मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने पत्रा घासला, धूळ बसू नये म्हणून पडवीला ओली गोणपाटं टांगली आणि काळ्याचे सात हात दिले. आठवा द्यावा लागला नाही, कारण सातव्यानंतर हिरामणने टाकीत बघून दाढी केली.

रंग वाळल्यावर धर्माजी सकाळी बोरवाडीला निघाला.

या खेपेला कोणी पळालं नाही. उलट लोक घराबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला गप्प उभे राहिले. एकाने डोक्यावरची टोपी काढली. एक जण भरल्या ताटावरून उठला. आपल्या रंगाला एवढा मान मिळेल असं धर्माजीलाही वाटलं नव्हतं. त्याने छाती आणखी पुढे काढली.

देवळापाशी म्हातारी ठमाबाई काठी टेकत आडवी आली.

"कुणाकडं, बाबा?"

"अंबाजीकडं."

"अगो बया," म्हणत ती मटकन खाली बसली. "काल तर चांगला माडावर चढला व्हता."

चूक एवढीच, की धर्माजी नागावचा. नागावातून ती गाडी नुसती जायची. थांबायची ती बोरवाडीत. आणि बोरवाडीचे लोक डॉक्टरांना बोलवायचे ते सगळे अंगारे, सगळे गंडे, सगळे वैदू संपल्यावर. काळी गाडी दारात लागली की घरचे आधी सरणाची लाकडं काढायला जायचे.

धर्माजीने अंगणात गाडी उभी केली, तोवर अर्धी वाडी मागे येऊन थांबली होती. अंबाजी पडवीत पेज पीत होता.

"मला काय झालेलं न्हाय," तो लोकांना म्हणाला.

"सगळी असंच म्हनतात," ठमाबाई म्हणाली.

मनुबाई दारात आली. तिने गाडी पाहिली, मग नवऱ्याला पाहिलं. "ह्यो रंग कुनी सांगितला तुमाला?"

"रेघ बघ," धर्माजी म्हणाला.

"रेघ चांगली हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

अंबाजी मात्र पेटला. "जावईबापू, पयली माझी मडकी घालवलीत. आता मलाच घालवायला निघालात. पोर मिळायची न्हाय."

तेवढ्यात गर्दीतून सदा पुढे आला. शेताच्या बांधावरून अकरा वर्षं तो अंबाजीशी बोलला नव्हता. त्याने येऊन अंबाजीचे पाय धरले.

"अंबाजी, बांध तुजाच व्हता. दोन हात मीच सरकवला. मनात ठेवून जाऊ नको."

अंबाजीने पेजेची वाटी खाली ठेवली. आधी सदाकडे बघितलं, मग त्याच्यामागच्या गर्दीकडे. मग तो सावकाश बाजेवर आडवा झाला, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.

"भाईर आजून कोन हाय?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

लोक एकेक करून येऊ लागले. एकाने मागून नेलेला कोयता परत आणला. एक जण म्हणाला, असा सरळ माणूस पंचक्रोशीत झाला नाही. ठमाबाईने तर भजनातला त्याचा आवाज कसा गोड होता ते सांगितलं. अंबाजी भजनाला उभ्या जन्मात गेला नव्हता, पण त्याने मान हलवली.

मनुबाई गाठोडं बांधून बाहेर आली. धर्माजी बाजेपाशी वाकला.

"मामा, सांगितलंत तसा रंग बदलला. मनूला नेतो."

अंबाजीने एक डोळा उघडला, दारातली रांग पाहिली आणि पुन्हा मिटला.

"न्या," तो पुटपुटला. "पन चालत जा. गाडी दोन दिवस दारात ऱ्हाऊ दे. वरच्या आळीतली मानसं आजून यायची हायत."